सारख्यातला फरक पाहणारा डोळा : डॉ. सलीम अली

थोर माणसांचा परिचय करून देताना त्यांच्या पदव्यांची यादी आधी द्यावी, असा आपल्याकडे रिवाज आहे. डॉ. सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांच्या बाबतीत हा रिवाज पाळणे अवघड जाते. त्यांच्या नावामागचे ‘डॉक्टर’ हे उपपद विद्यापीठांनी त्यांना सन्मान म्हणून बहाल केलेले होते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने ते १९५८ साली दिले, पुढे दिल्ली व आंध्र या विद्यापीठांनीही दिले. परीक्षा देऊन मिळवलेली विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्यापाशी एकही नव्हती. आणि तरीही भारतातील पक्ष्यांविषयी शंका आली की युरोप-अमेरिकेतील विद्वानसुद्धा पत्र लिहीत ते मुंबईच्या या गृहस्थाला.

हा अधिकार त्यांना कशाने मिळाला, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यांच्या विद्येचे मर्म सांगायचे तर ते असे, की जिथे दोन गोष्टी इतरांना एकच वाटत तिथे त्यांतला फरक पाहण्याचा धीर त्यांच्यापाशी होता. आणि फरक दिसला नाही, तर नाव न देण्याचा प्रामाणिकपणाही होता. या गुणाची खरी कसोटी लागते ती दाट, पावसाळी जंगलातील माशीमार पक्ष्यांपुढे. म्हणून त्यांचे चरित्र सांगताना या चिमण्याएवढ्या पक्ष्यांची सोबत घ्यावी, असे योजले आहे.

खेतवाडीतील बालपण

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील मोइझुद्दीन वारले आणि तीन वर्षांचे असताना आई झीनतुन्निसा यांचेही छत्र हरपले. या पोरक्या भावंडांचा सांभाळ खेतवाडीत राहणारे त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी केला. तय्यबजी हे मुंबईतील नामांकित घराणे. ज्या बद्रुद्दीन तय्यबजींनी आपल्या सहकाऱ्यांसह १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली आणि १८८७ साली राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषवले, ते याच घराण्यातले. घरात शिक्षणाची कदर होती, मुलींनाही शाळेत घालण्याचा परिपाठ होता आणि माणसांची वर्दळ मोठी होती.

अमीरुद्दीन मामांना शिकारीचा षोक होता. त्यांनी भाच्याला छर्‍यांची एक लहानशी बंदूक दिली. दहा-बारा वर्षांचा सलीम तिने चिमण्या टिपत असे. एके दिवशी पडलेली चिमणी त्याला जरा निराळी वाटली. बाकी सारे अंग नेहमीच्या चिमणीसारखेच, पण गळ्यावर पिवळा डाग. दुसऱ्या एखाद्या मुलाने तिकडे काणाडोळा केला असता. या मुलाने चिमणी उचलून मामांकडे नेली. मामांनाही तिचे नाव सांगता आले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्याला सोसायटीचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन फोर्टातील कचेरीत पाठवले.

इंग्रज साहेबाच्या खोलीत पाऊल टाकताना त्या मुलाचे पाय लटपटले असतील, यात नवल नाही. मिलर्ड यांनी पक्षी पाहिला आणि ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले. पण ते नाव सांगून थांबले नाहीत. त्यांनी कपाटाचे खण उघडले आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या ओळीच्या ओळी त्या मुलापुढे मांडल्या. चिमणीसारखे दिसणारे पक्षी किती तऱ्हेचे असतात, हे त्याने प्रथमच पाहिले. मिलर्ड यांनी त्याला पुस्तके वाचावयास दिली आणि पक्ष्याचे कातडे जतन कसे करावे हे शिकवण्याची व्यवस्था केली. सलीम अलींनी उतारवयात, १९८५ साली, आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याच्या नावातही त्यांनी या पडलेल्या चिमणीचीच आठवण ठेवली.

अडखळत गेलेले शिक्षण

शाळेत सलीम अलींची प्रगती बेताचीच होती. डोकेदुखीच्या दुखण्यामुळे त्यांना काही काळ हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे राहावे लागले. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात नाव घातले, पण ते शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात तावॉय येथे भावाच्या मदतीला गेले. तिथे घरच्यांचा वुल्फ्राम धातूच्या खाणीचा व लाकडाचा व्यवसाय होता. धंद्यात त्यांचे मन रमले नाही. भोवतालच्या रानाने मात्र त्यांना ओढून घेतले. तावॉयच्या सदाहरित जंगलात पक्षी अगणित होते, पण पाहिलेल्या पक्ष्याचे नाव कसे ठरवावे याचे शास्त्र त्यांच्यापाशी नव्हते. ही उणीव त्यांना बोचू लागली.

१९१७ साली मुंबईस परतल्यावर त्यांनी दावर महाविद्यालयात व्यापारी कायदा व हिशेबनिशी यांचा अभ्यास सुरू केला. सेंट झेवियर्समधील फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी या तरुणाचा खरा ओढा ओळखला आणि त्याला प्राणिशास्त्राच्या वर्गात बसण्यास प्रवृत्त केले. एकीकडे जमाखर्च, दुसरीकडे पक्ष्यांची हाडे आणि पिसे, असा हा दुहेरी अभ्यास चालला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढे ब्रह्मदेशातील व्यवसाय बुडाला आणि पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. सरकारच्या प्राणिविज्ञान सर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा होती, पण पदवी नसल्याने ती त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्गविभागात येणाऱ्यांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची जागा त्यांना मिळाली. रोज तेच पक्षी दाखवायचे आणि तेच बोलायचे, याचा त्यांना दोन वर्षांत कंटाळा आला. आपले ज्ञान वरवरचे आहे, हेही त्यांना कळून चुकले होते. म्हणून १९२८ मध्ये रजा घेऊन ते शिकण्यासाठी परदेशी निघाले.

त्यांच्याबरोबर ब्रह्मदेशात जमवलेले पक्ष्यांचे नमुने अभ्यासासाठी होते. अशा कामासाठी हिंदी माणसाने लंडनला जावे, ही तेव्हाची सरळ वाट. पण एका हिंदी तरुणाने हे काम अंगावर घ्यावे, हे तिथल्या काही जाणकारांना रुचले नाही. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील प्रा. एर्विन श्ट्रेसेमान यांनी मात्र त्यांचे मनापासून स्वागत केले. श्ट्रेसेमान त्या काळचे अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञ. त्यांच्या हाताखाली सलीम अली शिकले ते असे, की पक्षी हातात आला की पंखाची लांबी मोजावी, चोच व पाय पाहावेत, पिसांची झड कोणत्या टप्प्यात आहे ते पाहावे, नर-मादी व वय ठरवावे, आणि मगच नावाकडे वळावे. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात वळी घालून त्यांचे स्थलांतर कसे शोधतात, तेही त्यांनी तिथेच पाहिले. श्ट्रेसेमान यांना ते आयुष्यभर आपले गुरू मानीत.

किहीमची सुगरण

१९३० साली ते मायदेशी परतले, तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. पस्तिशीकडे झुकलेला संसारी माणूस, हाती परदेशातले शिक्षण आणि नोकरी नाही, अशी स्थिती. पतिपत्नी मुंबई सोडून अलिबागजवळ किहीम येथे समुद्रकाठच्या घरी राहावयास गेले. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नोकरी नसल्याने वेळच वेळ होता. सलीम अली दिवसचे दिवस त्या घरट्यांकडे पाहत बसले.

सुगरणींची घरटी कोकणातील पोराबाळांनाही ठाऊक असतात. पण त्यांच्या संसाराची खरी रीत शास्त्राला नीट ठाऊक नव्हती. सलीम अलींना आढळले, की घरटे बांधतो तो नर, तेही अर्धवट. मादी येते, पारखून पाहते, पसंत पडले तर ताबा घेते. मग नर ते पुरे करतो आणि दुसरे घरटे बांधून दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो. असे एकापाठोपाठ एक संसार तो मांडतो. या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जाणकारांत त्यांचे नाव झाले. यासाठी ना प्रयोगशाळा लागली, ना अनुदान. जे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते तेच त्यांनी जास्त वेळ पाहिले, इतकेच.

भृंगराजाच्या शेपटीची गोष्टही याच जातीची आहे. या पक्ष्याच्या शेपटीची दोन पिसे तारेसारखी लांब असतात आणि त्यांच्या टोकाला पळीसारखी झालर असते. पिसाच्या दांड्याच्या दोहोंपैकी कोणत्या बाजूची झालर टोकाशी टिकून राहते, याविषयी ह्यू व्हिस्लर या नामांकित इंग्रज पक्षितज्ज्ञाच्या पुस्तकात विधान होते. पूर्वीच्या ग्रंथांतून ते तसेच चालत आले होते. सलीम अलींनी ते चूक असल्याचे दाखवून दिले. त्या दांड्याला पीळ असतो. पीळ ध्यानात न घेतल्याने बाजू उलटी वाटते. एका अपरिचित हिंदी माणसाने आपली चूक काढावी याचा व्हिस्लर यांना राग आला आणि त्यांनी सोसायटीकडे कडक शब्दांत पत्रे लिहिली. पण ते सच्चे शास्त्रज्ञ होते. त्यांनी आपल्याजवळचे नमुने पुन्हा तपासले, चूक मान्य केली आणि पुढे ते सलीम अलींचे जिवलग मित्र झाले. हा प्रसंग दोघांच्याही मोठेपणाचा आहे.

त्रावणकोरच्या रानात

नोकरी मिळेना, तेव्हा सलीम अलींनी स्वतःच काम शोधून काढले. देशातील कितीतरी संस्थानांत कोणते पक्षी आहेत याची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती. संस्थानाने मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च सोसावा, आपण मेहनताना न घेता काम करू, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली आणि १९३३ साली त्रावणकोर व कोचीनची. तेहमिना बेगम बरोबर असत. बैलगाड्या, तंबू, पाऊस आणि जळवा यांच्या संगतीत या सुशिक्षित बाईंनी मुक्काम सांभाळले आणि पतीच्या लेखनाच्या भाषेवरही नजर ठेवली. जमवलेले नमुने इंग्लंडला व्हिस्लर यांच्याकडे जात. सलीम अली रानातले पाहत आणि व्हिस्लर हातातले, अशी ही जोडी जमली.

त्रावणकोर-कोचीनची जंगले म्हणजे सह्याद्रीचे दक्षिण टोक. मरयूरचा कोरडा पट्टा, कुरियारकुट्टी व तट्टेकाडची दमट सदाहरित राने आणि त्यांच्या वरती डोंगरमाथ्यावर घड्यांत लपलेली शोला वने. माशीमारांची खरी परीक्षा इथे द्यावी लागते.

माशीमार म्हणजे फांदीवर ताठ बसून उडता किडा हवेत टिपणारा आणि बहुधा त्याच फांदीवर परतणारा लहान पक्षी. सदाहरित रानात भर दुपारी संध्याकाळसारखा अंधार असतो. अशा अंधारात एक निळा पक्षी क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. नवखा माणूस वहीत निळा माशीमार असे लिहून मोकळा होतो. पण निळे माशीमार एक नव्हेत, कितीतरी आहेत.

आपल्याकडे बोरिवलीच्या व कर्नाळ्याच्या रानातही भेटणारी टिकेलची निलिमा घ्या. नराची पाठ निळी, गळा व छाती नारिंगी, पोट पांढरे. हिवाळ्यात हिमालयाकडून उतरणाऱ्या निळ्या गळ्याच्या माशीमाराची पाठही निळी, छातीही नारिंगी, पोटही पांढरे. मग फरक कोठे? गळ्यात. याचा गळा निळा असतो आणि नारिंगी रंग छातीपासून सुरू होतो. तिसरा तो पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार. हा पश्चिम घाटाखेरीज जगात कोठेही नाही. याच्या नराच्या गळ्या-छातीवर नारिंगी रंग मुळीच नसतो. छातीपर्यंत सारे निळे आणि खाली पांढरे. दाट, दमट रानात जमिनीलगतच्या झुडपांत हा वावरतो.

हे झाले नरांचे. माद्यांपाशी आले की भल्याभल्यांची त्रेधा उडते. पांढऱ्या पोटाच्या माशीमाराची मादी निळी नसतेच. तिची पाठ मळकट तपकिरी, शेपटी तांबूस आणि गळा-छाती नारिंगी. निळ्या गळ्याच्या माशीमाराची मादीही वरून तपकिरी व छातीवर फिकट नारिंगी. टिकेलच्या मादीच्या पाठीवर मात्र राखी निळसर झाक राहते. नराचे नाव त्याच्या गळ्यावरून ठरवायला शिकलेला माणूस तीच खूण मादीला लावू गेला, की फसलाच.

निलगिरी माशीमार आणि हिवाळी पाहुणा असलेला हिरवट निळा माशीमार यांचीही अशीच गफलत होते. दोघेही जवळजवळ सर्वांगी निळे. हिरवट निळ्याच्या डोळ्यापुढे ठसठशीत काळा ठिपका असतो आणि त्याचा रंग मोरचुदाच्या छटेकडे झुकतो. निलगिरीचा निळा अधिक गडद, पोटाखाली पांढुरका आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंस पांढरे. शिवाय पहिला उघड्या शेंड्यावर बसणारा आणि दुसरा उंचावरच्या शोलांच्या सावलीत राहणारा. पक्ष्याने कोठे बसावे, हीसुद्धा त्याची खूणच.

तपकिरी माशीमारांची तऱ्हा आणखी अवघड. आशियाई तपकिरी माशीमार आणि तपकिरी छातीचा माशीमार शेजारी बसले तर रंगाने जुळे भाऊ वाटतात. इथे नजर न्यावी लागते ती पायांकडे आणि खालच्या चोचीकडे. पहिल्याचे पाय काळे, खालची चोच बहुतांश काळपट, फक्त मुळाशी फिकी. दुसऱ्याचे पाय फिके मांसल रंगाचे आणि खालची चोच सबंध पिवळसर. पानाआडच्या मूठभर पक्ष्याचे पाय पाहणे म्हणजे काय, हे ज्याने मान वर करून तास तास घालवले आहेत त्यालाच ठाऊक. या दुसऱ्या माशीमाराच्या शास्त्रीय नावात मुट्टू हे नाव आहे. १८५४ साली लेयर्ड या इंग्रज संशोधकाने श्रीलंकेतील आपल्या मुट्टू नावाच्या नोकराच्या स्मरणार्थ ते ठेवले, कारण तो पक्षी त्याच्यापर्यंत आणला मुट्टूने. चिकाटीने रान धुंडाळणाऱ्या त्या नोकराच्या डोळ्याने जे टिपले, ते पंडितांच्या यादीत कायमचे राहिले.

सलीम अलींची रीत अशी, की रानात पाहिलेले त्याच दिवशी वहीत उतरवायचे. उंची किती, रान कोणते, पक्षी जमिनीपासून किती वर होता, काय खात होता, आवाज कसा, बरोबर कोण होते, हे सारे. त्यासाठी काही पक्षी मारावे लागत. शास्त्राला लागतील तेवढेच घ्यावेत, हौसेखातर एकही नको, असा त्यांचा दंडक होता. पण मेलेल्या पक्ष्याच्या मोजमापापेक्षा जिवंत पक्ष्याच्या वागणुकीत त्यांचे मन अधिक रमे. केवळ पिसांच्या छटांवरून नवनव्या उपजाती पाडण्याचा त्यांना कंटाळा होता. कातडे हातात असेल तर रंग कळतो, पण तो पक्षी कोणत्या सावलीत राहतो हे कातडे सांगत नाही.

दुःख आणि ग्रंथ

१९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना बेगम यांचे निधन झाले. रानावनातली सोबत अशी अचानक तुटली. सलीम अली कोसळून गेले. ते बहिणीच्या घरी राहू लागले, त्यांनी पुन्हा विवाह केला नाही, आणि काम हाच आधार मानला. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुप्रसिद्ध चित्रमय पुस्तक निघाले. साध्या वाचकाला पक्ष्याचे नाव स्वतः शोधता यावे, या हेतूने ते लिहिलेले होते. आकार चिमणीएवढा की मैनेएवढा की कावळ्याएवढा, इथून सुरुवात करून त्यांनी वाचकाचे बोट धरले. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. १९४५ मध्ये कच्छचे पक्षी, १९५३ मध्ये त्रावणकोर-कोचीनचे पक्षी, १९६२ मध्ये सिक्कीमचे पक्षी, असे ग्रंथ येत राहिले.

स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशाअभावी मोडकळीस आली, तेव्हा पंडित नेहरूंकडे शब्द टाकून त्यांनी ती तारली. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाचा ताप उद्भवला. पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांमार्फत असे रोग पसरतात काय, याचा तपास जागतिक आरोग्य संघटनेला करावयाचा होता. त्या निमित्ताने सोसायटीने पक्ष्यांना वळी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. हेलिगोलँडला तीस वर्षांपूर्वी शिकलेली विद्या आता कामी आली. या शिबिरांत तरुणांची एक पिढी तयार झाली. जाळ्यात सापडलेला पक्षी हाती घेऊन, पाय व चोच मोजून मगच नाव सांगायचे, ही शिस्त त्यांना सलीम अलींनी लावली. या बाबतीत ते कमालीचे कडक होते.

त्यांच्या आयुष्याचा कळस म्हणजे अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्या सहकार्याने लिहिलेला भारत व पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. शेवटचा खंड आला तेव्हा सलीम अली अठ्ठ्याहत्तरीत पोचले होते. त्यातील सातव्या खंडात हे माशीमार आहेत. नर, मादी, पिल्लू, पाय, चोच, रान, उंची, आवाज, सारे ओळीने दिलेले. चाळीस वर्षांपूर्वी जळवा झटकत लिहिलेल्या वह्यांचे ते पक्व फळ होते.

नावाला एवढे महत्त्व का?

कोणी विचारील, की एका निळ्या पक्ष्याला हे नाव दिले काय आणि ते दिले काय, कोणाचे काय बिघडते? बिघडते ते असे. टिकेलची निलिमा विरळ रानात, बांबूत, बागांतही निभावून नेते. पांढऱ्या पोटाच्या माशीमाराला दमट दाट जंगल लागते. निलगिरी माशीमार उंचावरच्या शोलांवर जगतो. आता समजा, एखादे सदाहरित रान तोडले आणि तिथे मळा लावला. दुसऱ्या वर्षी पाहणीला गेलेल्याने निळा माशीमार दिसल्याचे लिहिले. कागदावर सारे जागच्या जागी राहिले. प्रत्यक्षात जो जगात अन्यत्र नाही तो गेला आणि जो सर्वत्र आहे तो आला. चुकीचे नाव म्हणजे जंगलाच्या बाजूने दिलेली खोटी साक्ष.

म्हणूनच उतारवयात सलीम अली जंगलांच्या रक्षणासाठी बोलू लागले, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन आले. कोणत्या रानात कोण राहतो, हे त्यांनी पन्नास वर्षे स्वतः पाहून लिहिले होते. केरळातील सायलेंट व्हॅलीच्या सदाहरित खोऱ्यात धरण होऊ नये म्हणून त्यांनी आवाज उठवला. ती योजना सोडून देण्यात आली आणि १९८४ मध्ये ते खोरे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे रान टिकले, त्यातही त्यांचा वाटा मोठा. तट्टेकाडच्या ज्या रानाची त्यांनी तरुणपणी वाखाणणी केली होती, तिथे १९८३ मध्ये पक्षी अभयारण्य झाले आणि त्याला त्यांचेच नाव देण्यात आले.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण. ब्रिटिश पक्षितज्ज्ञांच्या संघाचे सुवर्णपदक १९६७ मध्ये मिळाले. ब्रिटिश नसलेल्या माणसाला ते देण्याची ती पहिलीच वेळ. जे. पॉल गेटी पारितोषिकाच्या रकमेतून त्यांनी निसर्गरक्षणासाठी निधी उभारला. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले. १९८७ साली वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. ज्या माणसाला पदवी नाही म्हणून सरकारी नोकरी नाकारली गेली, त्याच्या नावाने १९९० मध्ये कोइमतूर येथे सरकारी मदतीने पक्षिशास्त्राची संशोधनसंस्था उभी राहिली.

त्यांच्या मागे विद्या थांबलेली नाही. त्यांच्या ग्रंथात लाल छातीचा माशीमार एकच जात म्हणून आला आहे. आज त्यातून तैगा माशीमार वेगळा काढतात. त्याच्या शेपटीच्या मुळावरची पिसे शेपटीहूनही काळीकुट्ट असतात आणि नराच्या नारिंगी गळ्याखाली राखी पट्टा असतो. गुरूचे पुस्तक दुरुस्त व्हावे, यात गुरूचा अवमान नाही. व्हिस्लर यांचे पुस्तक दुरुस्त करूनच सलीम अलींची वाटचाल सुरू झाली होती.

आणि एक योग तर मनाला फार समाधान देणारा आहे. पूर्व हिमालयात एक कस्तुर पक्षी फार दिवसांपासून एकच जात म्हणून ओळखला जात होता. २००९ साली अरुणाचल प्रदेशात फिरणाऱ्या अभ्यासकांच्या कानांना जाणवले, की उघड्या माळमाथ्यावरचा पक्षी कर्कश गातो आणि खालच्या जंगलातला गोड गातो. दिसायला दोघे इतके सारखे, की आवाज ऐकल्याखेरीज संशयही येऊ नये. पुढे संग्रहालयांतले नमुने मोजले गेले, आनुवंशिक तपासणी झाली, आणि २०१६ साली जंगलातल्या पक्ष्याला निराळी जात म्हणून मान्यता मिळाली. तिच्या शास्त्रीय नावात सलीम अलींचे नाव गोवले आहे.

खेतवाडीतल्या एका पोरक्या मुलाला चिमणीच्या गळ्यावर एक पिवळा डाग दिसला आणि त्याने तो दुर्लक्षिला नाही. त्याच्या मामांनी आपल्याला नाव ठाऊक नाही हे कबूल केले आणि ज्याला ठाऊक होते त्याच्याकडे मुलाला पाठवले. मिलर्ड यांनी त्याच्यासाठी कपाट उघडले. आपल्या घरांतून आणि शाळांतूनही अशी मुले असतील. ती काही निराळे घेऊन दारात उभी राहिली, तर त्यांचे म्हणणे नीट ऐकून घेण्याची जबाबदारी आपणा थोरांवर आहे.